शिवेपलीकडचं बाळंतपण

माझं सासर परदेशात होतं. माहेर बाळीवेशीत आणि सासर सात रस्त्याच्या अलीकडं. आईनं चुलीवरची आमटी डब्यात घालून आणली असती, तर माझ्या ताटात पडेपर्यंत तिची वाफ गेली नसती, एवढंच काय ते अंतर. पण माझे सासरे एका लहानशा संस्थानचे सोलापुरातले वकील होते, आणि त्यांच्या लेखी सोलापूर म्हणजे परमुलूख. इंग्रजांचा मुलूख. आपण इथं राजेसाहेबांच्या वतीनं राहतो, इथले नव्हे, हे ते सकाळी संध्येनंतर एकदा आणि रात्री जेवताना एकदा बोलून दाखवायचे. मी सोलापूरची, म्हणून मी परमुलखातली. भाजीत मीठ जास्त पडलं की सासूबाई म्हणायच्या, "परमुलखातली ना, हात सैलच असायचा." कमी पडलं तरी तेच.

ही वकिलात काय चीज होती ते आता कुणाला सांगून खरं वाटायचं नाही. वकील म्हटलं की लोकांना काळा कोट आठवतो. आमचे मामंजी उभ्या जन्मात कोर्टाची पायरी चढले नाहीत. त्या काळी सोलापूरचा कलेक्टर नुसता कलेक्टर नव्हता. आसपासच्या लहानसहान संस्थानांवर इंग्रज सरकारच्या वतीनं तोच देखरेख करी. तेव्हा आमच्या संस्थाननं साहेबाच्या दाराशी आपला एक माणूस कायमचा आणून ठेवला होता. साहेब हसला का, रुसला का, कुणाशी बोलला, हे बघायचं आणि राजेसाहेबांना कळवायचं. राजेसाहेबांचं पत्र जरीच्या थैलीत घालून साहेबापुढं न्यायचं. त्या पत्राला खरिता म्हणत. खरित्यात काय असे? साहेबाची प्रकृती कशी आहे, मॅडमसाहेबांची प्रकृती कशी आहे, पाऊसपाणी बरं आहे. झालं!

ह्यांचे, म्हणजे माझ्या यजमानांचे, पणजोबा पहिले वकील. कंपनीचा साहेब पहिल्यांदा तंबू ठोकून बसला तेव्हा राजेसाहेबांची पाचावर धारण बसली आणि त्यांनी ह्यांच्या पणजोबांना पालखी, शालजोडी आणि दोन भालदार देऊन सोलापुरास धाडलं. पुढं ह्यांच्या आजोबांच्या वेळी पालखी गेली, टांगा आला. मामंजींच्या वेळी टांगाही गेला. मी बघितलं ते एवढंच, की मामंजी पगडी घालून छत्री उघडून पायी चालले आहेत आणि मागून एक म्हातारा शिपाई थैली छातीशी धरून चालला आहे. कचेरीत मामंजींना खुर्चीचा मान होता. बिनहाताची खुर्ची. हातांची खुर्ची मोठ्या संस्थानच्या वकिलाला. त्या बिनहाताच्या खुर्चीवर बसायला मिळावं म्हणून मामंजी व्हरांड्यात दोन-दोन तास उभे राहायचे. नाताळात साहेबाच्या बंगल्यावर फळांची डाली जायची. ती साहेबाचा बटलर घ्यायचा, आणि त्यातली डाळिंबं दुसऱ्या दिवशी मंडईत विकायला यायची, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा.

मार्शल लॉ लागला तेव्हा तर बहारच. गोरे सोल्जर गल्लीतून फिरायला लागल्यावर मामंजींनी दारावर पाटी टांगली, की हे घर अमुक संस्थानच्या वकिलाचं आहे, इथं कुणी शिरू नये. एक सोल्जर थांबला, त्यानं पाटीकडं बघितलं, बंदुकीच्या दस्त्यानं ती खाली पाडली आणि तिच्यावर पाय देऊन पुढं गेला. मामंजींनी पाटी उचलून धुतली, पुसली आणि परत टांगली. मी तेव्हा माजघरात पदर तोंडात कोंबून हसले होते. हसले ते बरं केलं. पुढं हसायचे दिवस राहिले नाहीत.

आणि ही सगळी वकिलात आमची गोष्ट घडल्यावर दोन-तीन वर्षांत बंद झाली. संस्थानांचा कारभार सोलापूरच्या कलेक्टरकडून काढून दुसरीकडं नेला. एक कारकून आला, दफ्तराची गाठोडी त्यानं गाडीत घातली, मामंजींची पोच घेतली आणि चहा न घेता गेला. गल्लीत कुणी विचारलंसुद्धा नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कुणाला वाटेल, की ज्यापायी एवढं केलं ते काहीतरी मोठं असेल. काही मोठं नव्हतं.

घरात कायदे फार. वकिलानं धन्याचं मीठ खावं, म्हणून मीठसुद्धा संस्थानातून यायचं. ज्वारी, तूर, गूळ, तिखट, सगळं महिन्याच्या गाडीनं तिथून. माहेरचा जिन्नस त्या घरात चालत नसे. पण ह्या सगळ्यांवर ताण असा एक कायदा होता. वकिली वडिलांकडून मुलाकडं जाई. मात्र तो मुलगा संस्थानच्या मातीवर जन्मलेला पाहिजे. सोलापुरात जन्मला तर तो इंग्रजांची प्रजा. इंग्रजांची प्रजा आमच्या राजाची वकिली कशी करणार? म्हणून वकिलाच्या घरच्या बायका दिवस भरत आले की बैलगाडीत घालून शिवेपलीकडं न्यायच्या, तिथं बाळंत करायच्या आणि तान्ह्या पोरासकट परत आणायच्या. पिढ्यानपिढ्या हेच.

एकदाच चुकलं होतं. मामंजींचे थोरले भाऊ आठव्या महिन्यातच जन्मले, इथंच, सोलापूरच्या घरात. झालं, त्यांचा वकिलीचा हक्क गेला आणि धाकट्या मामंजींना खुर्ची मिळाली. थोरले मामंजी जन्मभर त्याच घराच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले. लग्नही झालं नाही. कोण देणार मुलगी? त्यांना जेवायला वाढताना सासूबाई ताट आपटायच्या. घरात आलेल्या पाहुण्याला मामंजी त्यांची ओळख करून द्यायचे ती अशी: "हे आमचे वडीलबंधू. सोलापूरचे." आणि पाहुणा समजून जायचा.

मला दिवस राहिले ते लग्नानंतर सहा-सात वर्षांनी. तोवर दरबारात कुजबुज सुरू झाली होती, की वकिलाच्या घरात पुढं वारस नाही, तर ती जागा दिवाणांच्या साडूला का देऊ नये? त्या कुजबुजीचा राग घरात माझ्यावर निघे. माझा उपास, माझे सोमवार, माझे अंगारे-धुपारे. एकदा सासूबाई माझ्यासमोर शेजारणीला म्हणाल्या, "परक्या रानात पेरलं, उगवेल कसं?" आणि मग उगवलं की! सगळं घर एकदम गोड झालं. मला वाटलं, सुटले बाई एकदाची. किती खुळी होते मी.

डोहाळे लागले तेही माहेरचे. मला आईच्या हातची शेंगाची चटणी आणि कडक भाकरी हवी होती, दुसरं काही गिळत नव्हतं. आईनं चटणी कुटून वाटी पदराखाली लपवून आणली. सासूबाईंनी वास घेतला आणि वाटी परत आईच्या हातात दिली. म्हणाल्या, "विहीणबाई, वकिलाच्या वारसाला बाहेरचं अन्न नको." आई हसून परत गेली. ती रस्त्यात रडली असणार, मला ठाऊक आहे.

सातव्या महिन्यात मला पोटात वेगळंच जाणवायला लागलं. ह्यांनी घरात न सांगता मला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तिथली मड्डम डॉक्टर उंच, हाडकुळी, मराठी मोडकं पण स्वच्छ बोलायची. तिनं पोट चाचपलं आणि म्हणाली, मूल पायाळू आहे, पाय खाली आहेत. आई अशक्त आहे. लांबचा प्रवास नको, बैलगाडीनं नको, मोटारीनं नको, कळा सुरू झाल्या की तडक इथं यायचं. "तडक" हा शब्द तिनं दोनदा म्हटला. परत येताना मी ह्यांना म्हटलं, "अहो, न्याल ना मला?" रस्त्यात माणसं होती तरी ह्यांनी माझा हात धरला. "नेईन. तुझी शपथ." ह्यांनी कधी रस्त्यात हात धरला नव्हता. त्या एका गोष्टीवर मी पुढचे दोन महिने काढले.

ही बातमी घरात फुटल्यावर सासूबाईंना आनंद झाला. "पायाळू! अगं, पायाळूला गुप्तधन दिसतं!" दवाखान्याचं नाव मात्र कुणी काढेना. मग आई आणि आप्पा रीतसर मागणी घालायला आले. आप्पा शाळेत मास्तर, भिडस्त माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत कुणाच्या बापानं मोडलेली नाही. आप्पांनी तेच सांगितलं, आणि डॉक्टरीण काय म्हणाली तेही सांगितलं. मामंजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाले, "आपला मजकूर समजला. दरबारास कळवू. उत्तर येईल त्याप्रमाणे करू."

आप्पा म्हणाले, "अहो, मुलीच्या जिवाचा प्रश्न आहे. ह्यात दरबार कुठून आला?"

"मास्तर, तुमची मुलगी आता तुमची नव्हे. ती वकिलातीची आहे."

मी दाराआड उभी होते. माझ्यानं राहवेना. मी बाहेर आले आणि म्हटलं, "मामंजी, मग मी इथंच बाळंत होते की! घर आपल्या वकिलातीचं, उंबऱ्यावर आपली पाटी. मड्डमला घरी बोलवा. म्हणजे संस्थानातच झालं ना?"

ओसरीवरचा थोरल्या मामंजींचा अडकित्ता थांबला. मामंजींनी डोळे उघडले. "सूनबाई, घर भाड्याचं आहे. भिंती आपल्या, जमीन इंग्रजाची. मूल जमिनीवर पडतं."

आई उठली, माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाली, "जपून राहा हं." दुसरं काय म्हणणार होती?

बरं, न्यायचंच होतं तर आठव्यातच, प्रकृती ठीक असताना न्यावं ना? नाही. वकिलाच्या घरची बाई शिवेत येणार म्हणजे दरबारची परवानगी हवी. राजेसाहेब शिकारीला गेले होते. मामंजी परवानगीवाचून पाऊल उचलणार नाहीत. रोज टपाल बघायचे आणि मान हलवायचे. माझ्या पायांना सूज चढत होती, डोळ्यांपुढं अंधारी येत होती, आणि एक माणूस जंगलात कुठंतरी रानडुकराच्या मागं धावत होता म्हणून मी ओट्याला धरून बसले होते. राजा बोले, दळ हाले. आमचा राजा बोलतच नव्हता. परवानगी आली तेव्हा नववा भरत आला होता. मग भटजींनी गुरुवारचा मुहूर्त काढला. मंगळवारी सकाळी गिरणीचा दुसरा भोंगा होत होता आणि मला कळ आली.

मी ह्यांच्याकडं बघितलं. हे खुंटीवरचा कोट काढत होते. मला वाटलं, टांगा आणायला निघाले. तेवढ्यात मामंजी आत आले आणि म्हणाले, "गाडी जुंपायला सांग. पहिलटकरणीला वेळ लागतो. दुपारपर्यंत शीव गाठू." आणि हे "बरं" म्हणाले. एवढंच. "बरं."

थोरले मामंजी ओसरीवरून उठून माजघरात आले. इतक्या वर्षांत त्यांना मी आत आलेलं बघितलं नव्हतं. म्हणाले, "अरे, जाऊ दे पोरीला दवाखान्यात. मी जन्मलोच की इथं. काय झालं?"

मामंजी त्यांच्याकडं बघून म्हणाले, "काय झालं ते दिसतंच आहे, दादा."

थोरले मामंजी परत जाऊन बसले. सुपारी तशीच पडून राहिली, त्यांनी हात लावला नाही.

मला दमणीत घातलं. खाली गवत, वर गोधडी, वर तट्ट्याचं छप्पर. आत सासूबाई आणि मी, पुढं संस्थानच्याच गावचा गाडीवान, आणि बाजूनं मामंजी छत्री घेऊन आणि हे पायी. चैत्रातलं ऊन. गाडी मिशनच्या दवाखान्यावरूनच जाते. फाटक उघडं होतं, आत कडुलिंबाखाली एक बाई पोराला पाजत बसली होती. मी तट्ट्यातून हात बाहेर काढला आणि म्हटलं, "अहो, दवाखाना आला." हे बैलांकडं बघत होते. मी पुन्हा म्हटलं. मग ओरडले, "अहो, तुम्ही शपथ घेतली होती!" सासूबाईंनी माझा हात आत ओढला. "रस्त्यात नवऱ्याला हाका मारतेस? लाज आहे का काही?" गाडी पुढं गेली.

गावाबाहेर पडल्यावर नुसती कापलेल्या ज्वारीची रानं. रस्त्याला चाकोऱ्या. एकेक गचका माझ्या माकडहाडातून वर चढत होता. मी किंचाळले की सासूबाई तोंडावर हात दाबायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "मी चारदा गेलेय ह्याच वाटेनं. दोन राहिले, दोन गेले. मी नाही ओरडले." त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. जे आपण सोसलं ते दुसरीनं का सोसू नये, असा हिशेब होता त्यांचा. बाईला बाईची दया येते म्हणतात. येत असेल एखादीला.

उन्हं कलायला लागली तेव्हा गाडीवानानं गाडी थांबवली. "मालक, बाईंचं काय खरं न्हाय. ही वस्ती हाय की हितं, सुईण बी हाय, चांगल्या हाताची. हितं टेकू घटकाभर."

मामंजींनी विचारलं, "शीव किती लांब?"

"ती मोठी बाभळ दिसती न्हवं? तिच्या पल्ल्याड दगूड हाय."

"मग हाक."

"मालक, लई तरास व्हतोय त्यास्नी—"

"हाक म्हणतो ना!"

गाडी चालली आणि तेवढ्यात ते आलं. मला कळलं, सासूबाईंनाही कळलं. त्यांनी लुगडं सारून बघितलं आणि तट्ट्याबाहेर तोंड काढून म्हणाल्या, "पाय दिसतोय!"

मला वाटलं, आता थांबतील. माणसं आहेत, आता तरी थांबतील. बाहेरून मामंजींचा आवाज आला. घाई नाही, काही नाही; कचेरीत बोलायचे तसाच.

"पाय म्हणजे जन्म नव्हे. डोकं बाहेर येईल तो जन्म. तोवर आवर."

मी डोकं उचलून बघितलं. एवढासा पाय होता, जांभळट, ओला. आणि हलत होता. बोटं फाकत होती, मिटत होती. माझं पोर जिवंत होतं. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, आणि सासूबाईंनीही बघितलं. मग त्यांनी माझ्याच पदरानं माझे गुडघे घट्ट बांधले आणि त्यांच्यावर आडव्या पडल्या. आपलं सगळं वजन टाकून. मी काय काय बोलले मला आठवत नाही. शिव्या दिल्या असतील. त्या बाभळीपर्यंतचं अंतर किती होतं, कुणाला विचारलं तर सांगतील, हाकेचं अंतर. माझ्या मांडीला तो पाय लागत होता. लाथ मारत होता. मारत होता, मारत होता, आणि मग थांबला.

"आला दगड," हे बाहेरून म्हणाले. दगड शोधायचं काम ह्यांना दिलं होतं.

सासूबाईंनी गाठ सोडली. बाळ बाहेर यायला आणखी किती वेळ लागला सांगता येत नाही. डोकं अडकलं होतं. गाडीवान धावत जाऊन वस्तीवरच्या सुईणीला घेऊन आला तेव्हा सगळं झालं होतं. मुलगा होता. दाट जावळ, माझ्या आप्पांसारखं रुंद कपाळ. अंग निळं. सुईणीनं त्याला पालथं धरलं, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात फुंकर घातली, कांदा फोडून नाकाशी धरला, गाडीवानानं बादली बडवली. काही नाही. सुईणीनं माझ्याकडं बघितलं आणि सासूबाईंना म्हणाली, "मघाशीच का नाय थांबला वं? माझ्या दारावरनं गेली की गाडी."

तिनं मुलगा फडक्यात गुंडाळून माझ्या कुशीत दिला. तो गरम होता. माझ्या अंगातलीच ऊब ती, पण मला वाटलं, थांबा, थोडं थांबा, उठेल. मी त्याचा तोच पाय हातात धरून चोळत बसले.

बाहेर मामंजींनी शिवेपलीकडच्या पहिल्या गावच्या पाटलाला बोलावणं धाडलं होतं. तो आला, धोतर सावरत, बरोबर कागद आणि दौत. मामंजी गाडीच्या तोंडाशी येऊन सासूबाईंना विचारायला लागले, "रडला ना? एकदा तरी रडला ना?"

मला आधी कळेना. मग कळलं. मेलेलंच जन्मलं तर ते दफ्तरी लागत नाही. एकदा रडून मग मेलं, तर वकिलाच्या घरात, संस्थानच्या हद्दीत मुलगा झाला होता असं होतं. मग सून वांझ नाही, घराणं बंद नाही, जागा दिवाणांच्या साडूला देता येत नाही. माझं पोर अजून माझ्या हातात होतं, आणि हा माणूस त्याच्याकडून एक रडणं मागत होता.

सासूबाई म्हणाल्या, "रडला. बारीक, पण रडला."

पाटील म्हणाला, "बाळंतीण बाई काय म्हन्त्यात? त्यास्नी बी इचारावं लागंल."

मामंजींनी तट्ट्याआडून विचारलं, "सूनबाई, तुम्ही ऐकलंत ना?"

बोलायची ताकद नव्हती माझ्यात. तरी मी बोलले. त्या घरात मी इतकं मोठ्यानं त्याआधी कधी बोलले नव्हते. "नाही रडला. तुमच्या हद्दीत तो रडलाही नाही आणि हललाही नाही. दगडाच्या अलीकडं त्याचा पाय बाहेर आला तेव्हा तो लाथा मारत होता. तो सोलापूरचा होता, मामंजी. तुमच्याकडं आला तो मढं होऊन आला. लिहा, काय लिहायचं ते लिहा!"

पाटील चपापला. सुईणीनं तोंडाला पदर लावला. मामंजी पाटलाकडं वळून म्हणाले, "बाळंतवात आहे. बाळंतिणीच्या बोलण्याला काय धरता? आजीनं ऐकलं आहे. लिहा: मुलगा, जिवंत जन्मला, एकवार रडला, थोड्या वेळानं वारला. मुक्काम संस्थानची हद्द."

पाटलानं मान हलवली. "आनखी येक साक्ष लागंल, मालक. पुरुषमानसाची." त्यानं गाडीवानाकडं बघितलं. गाडीवान म्हणाला, "मी बैलं धरून हुतो. मला काय ऐकू आलं न्हाय." आणि तो खरंच बैलांकडं गेला.

मग सगळ्यांनी ह्यांच्याकडं बघितलं. मीही बघितलं. पोर माझ्या छातीशी होतं, आणि मी तट्ट्याच्या फटीतून ह्यांच्याकडं बघत होते. ह्यांनीही माझ्याकडं बघितलं, नाही असं नाही. डोळे भरून आले होते ह्यांचे. त्या भरल्या डोळ्यांनीच हे खाली बसले, कागद मांडीवर घेतला आणि "एकवार रडला" ह्या ओळीखाली सही केली.